उन्हाचे मलम आणि शेतकऱ्याची कातडी

सनस्क्रीन नावाचे मलम आता शहरापुरते राहिलेले नाही. नांदूरघाटसारख्या गावात औषधाच्या दुकानातही शॅम्पूच्या पुड्यांशेजारी त्याच्या ट्यूबा दिसू लागल्या आहेत. केजला कॉलेजात जाणाऱ्या मुली ते लावतात, घरातली आजी नाक मुरडते आणि बाप विचारतो की यात पैसे घालायचे कशाला? बैठकीत हा विषय निघाला की पुरुषमंडळी हसतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. आम्हाला तो हसून सोडण्यासारखा वाटत नाही. या देशात सगळ्यात जास्त ऊन कोरडवाहू शेतकरी आणि त्याच्या रानात राबणाऱ्या बाया खातात. उन्हापासून बचाव ही जर विकत घेण्याची वस्तू झाली असेल, तर ती आपल्या कामाची आहे का, असेल तर किती, आणि ती परवडत नाही त्यांनी काय करायचे, याचा हिशेब आपणच मांडला पाहिजे. जाहिरातवाले तो आपल्यासाठी मांडणार नाहीत.

उत्पादनखर्चाचा सरकारी तक्ता आपल्या सगळ्यांना पाठ आहे. बी, खत, औषध, बैलजोडी, मजुरी, सगळे त्यात असते. अवजारांचा घसारासुद्धा धरतात. वखराची फास झिजते तिचा रकाना आहे. वखर हाणणाऱ्याची कातडी आणि डोळे झिजतात त्याचा नाही.

आधी ऊन म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण यात शिकलेली माणसेही घोटाळा करतात. उन्हाचे मारे दोन आहेत. एक उष्णतेचा. तो अंगाला कळतो, घाम फुटतो, घशाला कोरड पडते, फार झाले तर भोवळ येते आणि माणूस उष्माघाताने दगावतो. दुसरा मारा अतिनील किरणांचा. हे किरण दिसत नाहीत आणि गरमही लागत नाहीत. जाणवते ती उष्णता वेगळी, कातडी जाळतात ते किरण वेगळे. म्हणून थंडीत, वारा सुटलेला असताना, कापूस वेचता वेचताही चेहरा रापतो आणि ते संध्याकाळपर्यंत लक्षात येत नाही.

या किरणांचेही दोन प्रकार जमिनीपर्यंत पोचतात. एकाला यूव्हीबी म्हणतात. तो कातडीच्या वरच्या थरात काम करतो, भाजतो, लाल करतो, साल काढतो. दुसरा यूव्हीए. जमिनीवर येणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा त्याचाच. तो खोल जातो, कातडी सैल करतो, सुरकुत्या पाडतो, काळे डाग गडद करतो. तिसरा एक जहाल प्रकार आहे, पण तो वरचा ओझोनचा थर अडवतो. तेवढी तरी मेहेरबानी आहे.

उष्णता आणि किरण यांच्या वेळाही वेगळ्या आहेत, हे आपल्या कामाचे आहे. किरणांचा जोर सूर्य माथ्यावर असतो तेव्हा सगळ्यात जास्त, म्हणजे आपल्याकडे घड्याळात साडेबाराच्या आसपास. हवेचे तापमान मात्र तीनच्या सुमाराला कळस गाठते. तेव्हा अकरा वाजता, अजून फार तापले नाही असे म्हणून आपण उघड्या डोक्याने उभे राहतो, त्या वेळी उष्णता कमी असली तरी किरणांचा मारा जवळजवळ पुरा चालू असतो.

नांदूरघाट सुमारे पावणेएकोणीस अंश अक्षांशावर आहे. सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. मेमधल्या त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या जरा आधी उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते आणि ऊन सरळ विहिरीच्या तळाला पडते. त्या दिवसांत आपल्या रानात कोण असते? पऱ्हाट्या उपटणारे, धसकटे वेचणारे, शेणखत पसरणारे. जुलैअखेरच्या वेळी आभाळ असते म्हणून कळत नाही, पण पातळ ढगातून हे किरण बरेचसे खाली येतात. ढगाळ दिवशी खुरपणीला गेलेल्या बाईचा चेहराही म्हणूनच काळवंडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने या किरणांसाठी एक मापन ठरवले आहे. ३ च्या वर आकडा गेला की अंग झाका म्हणतात, ११ च्या वर गेला की तो अतितीव्र. दख्खनच्या पठारावर उन्हाळ्याच्या दुपारी तो ११ च्या पुढे जातो. हा आकडा मोबाईलवर मिळतो, पण आपल्याला त्याची गरज नाही. आपली सावली हेच मापन. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तोवर किरणांचा जोर कमी. ती उंचीपेक्षा आखूड झाली की अंग झाकायची वेळ झाली. मेमध्ये ही आखूड सावली सकाळी सव्वानऊच्या सुमाराला सुरू होते आणि दुपारी साडेतीनपर्यंत राहते. कापूस वेचणीच्या नोव्हेंबरात साडेदहा ते दोन. डिसेंबराच्या शेवटी जेमतेम दोन तास. हे रानात उभ्या उभ्या कोणालाही पाहता येते.

आता आपल्या कातडीविषयी. काळ्या-सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त असते आणि ते किरण गिळते. त्यामुळे गोऱ्या देशांच्या मानाने हिंदुस्थानात कातडीचा कर्करोग फारच थोडा. ऑस्ट्रेलियात गोऱ्या लोकांत तो इतका की तिथे १९८१ पासून घराघरात मोहीम चालवावी लागली. त्यांचे घोषवाक्य तीन गोष्टींचे होते, अंगात शर्ट घाला, मलम लावा, डोक्याला टोपी घाला. त्यात शर्ट पहिला होता, हे लक्षात ठेवा. आपल्या टीव्हीवर ती मोहीम येईपर्यंत शर्ट आणि टोपी गळून पडली आणि फक्त ट्यूब उरली, कारण शर्ट आपल्याकडे आधीच असतो आणि ट्यूब विकायची असते.

कर्करोगाची भीती दाखवून कोणी ट्यूब विकत असेल तर त्याला सांगावे की आमच्या अंगात देवाने दिलेले मलम आहे. पण ते पुरेसे आहे असे समजून गप्प बसणेही चूक. आपल्याला उन्हाचे दुखणे होते, ते वेगळ्या रूपाने होते. बायांच्या गालांवर आणि कपाळावर वांग चढतो. बाळंतपणानंतर तो अनेकींना येतो आणि उन्हाने गडद होत जातो. खालचा ओठ तडकून कायमचा खरखरीत होतो. मानेवरची कातडी चाळिशीत जुन्या चामड्यासारखी होते. डोळ्यांत पांढऱ्यावरून बुबुळावर मांसाचा पडदा चढतो. ऊन, धूळ आणि वारा यांत आयुष्य गेलेल्यांना तो जास्त होतो. मोतीबिंदूला वय, मधुमेह, तंबाखू अशी बरीच कारणे आहेत, त्यात उन्हाचाही वाटा आहे. हातगाडीवरचे काळे चष्मे यावर उपाय नव्हेत. काच नुसती काळी असेल आणि किरण अडवणारी नसेल, तर तिच्याआड डोळ्याची बाहुली उलट मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. रुंद काठाची टोपी बरी.

टोपीचे निघाले म्हणून सांगतो. आपली पांढरी टोपी ही मानाची खूण आहे, सावली नव्हे. तिला काठ नाही. नाक, कान, मान तिघेही उघडे. फेटा किंवा रुमाल त्याहून शहाणा. त्याचा मागे सोडलेला शेव मानेवर पडतो आणि कान झाकता येतात. म्हाताऱ्यांनी तो हौसेने बांधला नव्हता.

गाजर गवताचा रोग

एका दुखण्यावर थोडे थांबावे लागेल, कारण ते खास आपले आहे आणि त्यात ऊन थेट गुन्हेगार आहे. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, त्याची आपल्या देशातली नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि तिथून ते बांधाबांधावर पसरले. ते खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८३ मध्ये आणले गेले, पुढे सोडले गेले. पावसाळ्यात ते पाने खातात, पण गवत संपलेले नाही. या गवतातल्या एका द्रव्याची काही माणसांच्या कातडीला वावडे होते. आधी पापण्या, मान, कोपराची आतली बाजू लाल होते, खाजते, पाणी सुटते. गवताला हात लावावाच लागतो असे नाही, वाळलेल्या गवताची भुकटी वाऱ्याने उडून अंगावर बसली तरी पुरते. चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांत हे जास्त दिसते. काही वर्षे असे चालले की त्यातल्या काहींची कातडी पुढे उन्हालाच बिथरते. मग गवत समोर नसले तरी नुसत्या उन्हाने चेहरा आणि हात पेटतात, कातडी जाड आणि काळी होते. असा माणूस दिवसा रानात उभा राहू शकत नाही. शेतकऱ्याला दिवसा रानात उभे राहता न येणे म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको. गावात त्याला कोणी भलत्याच रोगाचे नाव ठेवते आणि तो चारचौघांत यायचा बंद होतो.

या माणसाला सनस्क्रीन ही चैन नाही, औषध आहे. जन्मतःच अंगात रंगद्रव्य नसलेली पांढऱ्या केसांची मुले, अंगावर कोड असलेली माणसे, यांचेही तसेच. त्यांच्या कातडीत देवाने दिलेले मलम नाही. आमचे म्हणणे इथे स्पष्ट आहे. अशांना प्राथमिक आरोग्य केंद्रातून ते फुकट मिळाले पाहिजे, जसे इतर औषध मिळते. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा सरकारने सनस्क्रीनला सौंदर्यप्रसाधनांच्या रांगेत बसवून २८ टक्के कर लावला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो १८ टक्क्यांवर आणला. मंत्रालयातल्या साहेबाला ऊन म्हणजे सहलीतली गोष्ट वाटते, म्हणून त्याच्या कागदावर ते पावडर-लालीच्या शेजारी असते.

ट्यूबेतले काय आणि किती

ट्यूबेवर एसपीएफ असे लिहून आकडा असतो. तो यूव्हीबीपुरता. १५ चे मलम सुमारे ९३ टक्के, ३० चे ९७ टक्के आणि ५० चे ९८ टक्के किरण अडवते. म्हणजे ३० वरून ५० वर गेले की फायदा एका टक्क्याचा. १०० आकडा लिहून दुप्पट पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नये. यूव्हीएसाठी वेगळी खूण असते, ब्रॉड स्पेक्ट्रम हे शब्द किंवा पीए आणि पुढे अधिकची चिन्हे. ती नसेल तर ट्यूब परत ठेवावी. वांगासाठी ती खूण जास्त महत्त्वाची.

मलम दोन जातींचे असते. एकात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड अशी खनिजाची पूड असते. लावल्यावर चेहरा जरा पांढुरका दिसतो. डाळिंबावर किंवा मोसंबीवर आपण केओलीनचा फवारा देतो तसाच हा प्रकार समजा, फरक इतकाच की ही पूड किरण परतवते थोडे आणि गिळते जास्त. दुसऱ्या जातीत रसायने असतात, ती दिसत नाहीत. ज्याला गाजर गवताचा त्रास आहे किंवा कातडी चटकन बिथरते, त्याने पहिल्या जातीचेच घ्यावे. ज्वारीच्या पानावर आणि ताटावर पांढरट मेणाचा थर असतो, बोट फिरवले की पुसला जातो, तो सगळ्यांनी पाहिला आहे. त्याने ऊन परतते आणि पाणी कमी उडते. मालदांडी कोरड्या रब्बीत उभी राहते त्याचे ते एक कारण. ज्वारीला तो थर जन्मापासून फुकट मिळतो, आपल्याला ट्यूबेतून घ्यावा लागतो.

आता मात्रा. शिफारशीची मात्रा न देता औषध मारून कीड मेली नाही म्हणणारा शेतकरी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. इथेही तेच. ट्यूबेवरचा आकडा कातडीच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम जाड थर देऊन काढलेला असतो. घरी लोक त्याच्या निम्मेही लावत नाहीत, आणि थर निम्मा झाला की संरक्षण निम्म्याहूनही खाली येते. सोपे माप असे: पहिले बोट आणि मधले बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढावी. एवढे चेहरा आणि मानेला लागते. उन्हात जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटे लावावे. घामाने ते वाहून जाते, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा. ट्यूब ट्रॅक्टरच्या टपावर किंवा उन्हातल्या पिशवीत ठेवली की तिचा कस जातो.

हिशेब करू. चेहरा, मान, कान, कोपरापर्यंत हात आणि पंजे एवढ्याला एका वेळी सुमारे ५ ग्रॅम. सकाळी दहापासून दर दोन तासांनी म्हणजे दिवसाला चार वेळा, २० ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसांत संपली. एका ट्यूबेला ३०० ते ४०० रुपये धरले तर दिवसाचा खर्च १२० ते १६० रुपये. महिन्याचे २५ दिवस काम मिळाले तर एका माणसाचे ३ ते ४ हजार. बाईच्या रोजाचा निम्मा भाग तिच्या चेहऱ्यावर आणि हातावर जाणार आणि उरलेल्या निम्म्यात घर चालणार. हा हिशेब एकदा मांडला की वाद संपतो. दिवसभर उन्हात राबणाऱ्याचे संरक्षण ट्यूबेवर बेतता येत नाही. ज्यांना ती औषध म्हणून लागते त्यांना मिळावी. वांग असलेल्या बाईने सकाळी रानात जाताना आणि दुपारी भाकरीच्या वेळी चेहऱ्यापुरती लावली तर तिचा उपयोग आहे. कॉलेजातल्या मुलीने लावली तर तिला हसू नये. बाकी अंगासाठी दुसरी वाट शोधायची.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. सनस्क्रीन आणि गोरे करणारे मलम या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दुकानदार त्या एकाच फळीवर ठेवतो. गोरेपणाच्या मलमांचा धंदा १९७५ पासून चालला आहे. २०२० मध्ये त्यातल्या सगळ्यात मोठ्याने आपल्या नावातला गोरेपणा काढून टाकला, वस्तू दुकानातच राहिली. त्याहून वाईट म्हणजे वांगावर लावायला सर्रास दिली जाणारी स्टिरॉइडची मलमे. आठ दिवस चेहरा उजळतो, पुढे कातडी कागदासारखी पातळ होते, केस उगवतात, आणि ऊन सोसवेनासे होते. २०१८ मध्ये सरकारने अशा १४ मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीचे बंधन घातले. चिठ्ठी नसताना ती मिळत असतील तर दुकानदाराला जाब विचारावा. बिननावाच्या डबीतल्या मलमात पारा असू शकतो आणि पारा मूत्रपिंडे निकामी करतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात असे रुग्ण सापडलेले आहेत. सनस्क्रीन कातडी गोरी करत नाही. करते असे कोणी सांगत असेल तर तो दुसरेच काही विकतो आहे.

आणि हे मलम उष्माघात टाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला सरकारी पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्या १४ जणांचा बळी गेला. त्यांना मलम नव्हे, मांडव, पाणी आणि लवकर सुटका हवी होती.

कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावरचे कापड

उन्हाविरुद्धचे सगळ्यात भरवशाचे साधन आपणच पिकवतो. पण कापडातही फरक आहे. पातळ पांढऱ्या सुती बनियनमधून सातातला एक भाग किरण आत येतात. ते घामाने ओले झाले की तिनातला एक. घट्ट विणीचे, जाड, रंगीत कापड याच्या कितीतरी पट चांगले. जीनची विजार जवळजवळ काहीच आत येऊ देत नाही, पण वैशाखात ती घालून खुरपणार कोण? मधला रस्ता मांजरपाटाचा. न धुवट कापसात जो पिवळसर रंग असतो तो किरण गिळतो. गिरणीत ब्लीच करून पांढरे शुभ्र केले की तो गुण कमी होतो. टेरिकॉट आणि पॉलिस्टर किरण चांगले अडवते हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, पण त्यात हवा खेळत नाही आणि माणूस उकडून निघतो. किरण अडवताना उष्णतेने मरायचे नाही. म्हणून सैल, लांब बाह्यांचा, घट्ट विणीचा सुती सदरा, आणि जमेल तर गडद किंवा मधल्या रंगाचा. कापड परीक्षेला सोपे आहे. सूर्याकडे धरा. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर किरणही त्याच वाटेने येतात. जुने विरलेले कापड दुहेरी करून वापरावे.

रानात बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात आणि डोक्याला, तोंडाला फडके गुंडाळतात. तज्ज्ञ सांगतील तेच त्या न शिकता करतात. फक्त तो शर्ट नेहमी विरलेलाच का असतो, हा प्रश्न आहे. घरात नवा शर्ट आला की जुना तिच्याकडे जातो. एका चांगल्या सदऱ्याला अडीच मीटर कापड लागते आणि तो दोन हंगाम टिकतो. वर केलेल्या ट्यूबेच्या हिशेबाशेजारी हे ठेवून पाहा.

फवारणीच्या वेळी मात्र मलमावर अजिबात विसंबू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले. औषध नाकातोंडाने जाते तसे कातडीतूनही जाते. सनस्क्रीनमधली काही द्रव्ये कातडीची वाट मोकळी करतात, आणि टू-फोर-डीसारखे तणनाशक त्यातून जास्त आत शिरते, असे उंदरांच्या कातडीवरच्या प्रयोगांत आढळले आहे. टू-फोर-डी आपण ज्वारीत मारतो आणि गाजर गवतावरही. तेव्हा ज्या दिवशी पंप पाठीवर घ्यायचा त्या दिवशी अंगावर मलम नको, पूर्ण कापड हवे, आणि फवारणी सकाळी. संरक्षणाचे म्हणून प्लास्टिकचे जे पोशाख दाखवतात ते आपल्या उन्हात अर्धा तास अंगावर ठेवता येत नाहीत. ते ज्याने बनवले त्याने एकदा ते घालून भादव्यात एकरभर कपाशी फवारून दाखवावी.

खरी अडचण वेळेची

कापड, फेटा, सावली सगळे झाले तरी सगळ्यात मोठा फरक वेळेने पडतो. आखूड सावलीचे तास टाळता आले तर ट्यूब लागणारच नाही. सरकारचा सल्ला दरवर्षी छापून येतो, दुपारी उन्हात जाऊ नका. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला, मग इतर शहरांनी केले. दुपारी जायचे नाही तर कधी जायचे आणि त्या वेळचा रोज कोण देणार, हे सल्ल्यात नसते.

आपल्याकडे बायांचा रोज दहा-अकराला सुरू होतो आणि पाच-सहाला सुटतो. नेमका सगळा मारा त्या वेळात. मालक म्हणतात, बायाच लवकर येत नाहीत. का येत नाहीत? पहाटे पाणी भरायचे, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, लेकरे शाळेला लावायची, जनावरांचे शेण काढायचे, आणि हे सगळे आवरल्यावर दहा वाजतात. नळाला पाणी कधी येते त्यावर रानात जायची वेळ ठरते आणि त्या वेळेवर तिची कातडी किती जळणार ते ठरते. कोणतीही कंपनी याचे मलम काढू शकत नाही. ते घरातल्या पुरुषाने हंडा उचलूनच निघेल.

आमचे मत असे आहे की फाल्गुनापासून मृगापर्यंत रानातली हाजरी सकाळी साडेसहा-सातला सुरू व्हावी, साडेअकराला सुटी, आणि काम उरलेच असेल तर चारनंतर दोन तास. रोज पूर्ण. तास कमी झाले म्हणून रोज कापायचा असेल तर बाया अकरालाच येतील आणि त्यांचे बरोबर असेल. थंड वेळी काम जास्त उरकते, हे पाळी घालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. बैलसुद्धा आपण दुपारी सोडतो. आपल्या बैठकीत मालकही आहेत आणि मजुरी करणारेही, बहुतेक जण दोन्ही आहेत. हा वाद आपल्यातच आहे, म्हणून तो आपल्यातच सोडवायचा आहे.

सावलीचेही तसेच. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कामावर प्यायचे पाणी, विसाव्याला व लेकरांना सावली, प्रथमोपचाराची पेटी, हे लिहून दिलेले होते. किती कामांवर ते दिसले, हे ज्याने त्याने आठवावे. बाजार समितीच्या आवारात आणि कापूस खरेदीच्या केंद्रावर गाड्यांची रांग लागते तेव्हा मालावर ताडपत्री असते आणि माणूस उन्हात. बांधावरची झाडे आपणही तोडली, सावलीने ज्वारी दबते म्हणून. दबते हे खरे. पण पूर्व-पश्चिम बांधाच्या कोपऱ्यावर एखादा लिंब राखला तर नुकसान पायलीभराचे आणि भाकरी खायला जागा साऱ्या रानाला. विरळ बाभळीखाली मात्र किरण बरेच येतात, कारण निळ्या आभाळातूनही ते चहूबाजूंनी विखरून येत असतात. सावली दाट हवी.

जिल्ह्याच्या बैठकीत हे तीन विषय घ्यावेत असे आम्ही सुचवले आहे: उन्हाळी हाजरीची वेळ आणि पूर्ण रोज, बाजार समिती व खरेदी केंद्रावर छप्पर, आणि गरजूंना आरोग्य केंद्रातून मलम. येताना प्रत्येक गावाने एका कागदावर लिहून आणावे की नळाला पाणी किती वाजता येते, बाया रानात किती वाजता पोचतात, आणि भाकरी खायला दाट सावलीचे झाड किती अंतरावर आहे. गाजर गवताने अंग फुटणारे आणि रंगद्रव्य नसलेली मुले किती, तो नुसता आकडा त्याच कागदावर द्यावा. नावे वेगळ्या चिठ्ठीवर, बंद करून. ती बैठकीत वाचली जाणार नाहीत.